पुस्तकातला हसरा साप

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी लहान मुलांसाठी एक चित्रपुस्तक केलं. पानावर चित्र, खाली दोन ओळींचं कोडं. मुलानं नाव सांगायचं, मग पान उलटायचं. बारामतीत छापून घेतलं आणि पणदऱ्याच्या आसपासच्या अंगणवाड्यांत वाटलं. सापाच्या पानावर मी हसरा साप काढला होता.

आमच्या वस्तीवर दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणत नाहीत. नाव घेतलं की तो येतो, म्हणून 'लांबडं' म्हणतात. मला ते पटत नसे. घरात मी नियमच केला होता, खरं नाव घेतल्याशिवाय आबा ओ देणार नाही. सून म्हणायची, "आबा, तुमची शाळा सुटली, आन् आमची भरली."

त्या संध्याकाळी सून गोठ्यात धार काढत होती. मी ओसरीवर नव्या पुस्तकासाठी बैलगाडी रंगवत होतो. उसाच्या पाचटाच्या ढिगाकडून नातीची हाक आली, "आबा, लांबडं."

वर न बघताच मी म्हणालो, "नीट नाव घे. पुस्तकात कसं हाय?"

ती म्हणू लागली. घाबरून नव्हे, वर्गात म्हणावं तसं.

वेटोळं घालून बसलंय कोण?
फणा काढून हसलंय कोण?

मी मान वर केली. तिच्यापासून हातभर अंतरावर नाग उभा होता, ऐकत असल्यासारखा. सापाला आपलं बोलणं ऐकू येत नाही, हे मीच मुलांना शिकवत आलो होतो. मला उठता येईना, ओरडता येईना. पोर म्हणाली, "साप." तेव्हा तो हलला.

दवाखान्यात ती वाचली. माझ्या मुलानं विचारलं तेव्हा मी सांगितलं, तिनं हाक मारलीच नाही. मग सगळा दोष सुनेवर गेला, आईचं लक्ष नव्हतं म्हणून. नात आता अंधार पडला की कशाचंच नाव घेत नाही. पाणी हवं असलं तरी बोट दाखवते, आणि आधी दाराबाहेर बघून घेते.

परवा जेवताना मुलगा बायकोला पुन्हा तेच बोलला. मी हातातला घास खाली ठेवला आणि घडलं तसं सगळं सांगितलं.

मग मुलानं बायकोला विचारलं, "तुला म्हाईत हुतं?"

"व्हय. पोरीनं दवाखान्यातच सांगितलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"माझं कुणी खरं मानलं असतं?" माझ्या ताटात भाकरी वाढत ती म्हणाली, "आबा कधी सांगत्यात, तेवढंच बघत हुते."