चौथीचं नाव

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास अमेरिकेत, एडिसनमधल्या एका म्हाताऱ्या तुर्की शिंप्याकडे मी पँटी आखूड करून घ्यायचो. तो एकटाच राहायचा. प्रत्येक माप दोनदा घ्यायचा, म्हणून मला आवडायचा. त्याच्या मशीनवर एका मुलीचा फोटो होता.

"कोण ही?" मी एकदा विचारलं.

"धाकटी, येतेर. आमच्या भाषेत येतेर म्हणजे 'पुरे'. चौथीही मुलगीच, म्हणून मीच ठेवलं. पुढचा मुलगा व्हावा म्हणून तसं ठेवतात. झाला नाही." त्याने टेप गळ्यात टाकली. "आता चौघींत हिचंच पत्र येतं."

माझ्या पाचव्या बहिणीचं नाव नकुशा. तिच्या पाठीवरचा मुलगा मी. तिची तीन पत्रं माझ्या टेबलावर उत्तराविना पडली होती.