देवाच्या नावाची कोरी जागा

फेस शहरातल्या मेल्लाहत, आमच्या यहुदी वस्तीत, खल्लूफ बेन मैमूनचं नाव काढलं की अजून भांडण लागतं. स्पेनमधून हाकलून लावलेल्यांची नातवंडं हसतात आणि त्याला 'देव विसरलेला छापणारा' म्हणतात. मी तिथे असलो तर ते हसू फार टिकत नाही. पण प्रत्येक ओट्यावर कुठे कुठे भांडायचं? म्हणून घडलं ते लिहितो.

खल्लूफ आमच्यातला, पिढ्यान्‌पिढ्या इथल्या मातीतला. स्पेनचे लोक उघडेवाघडे आले तेव्हा आम्ही घरं उघडली, आणि पायावरची धूळ झटकून होते न होते तोच ते आम्हालाच 'परके' म्हणू लागले. त्यांच्याकडे पंडित होते, तोरा होता आणि छापखाना होता. खल्लूफ त्या छापखान्यात शाई लावायला लागला, मग शिशाचे खिळे, म्हणजे छापायची सुटी अक्षरं, जुळवू लागला. धर्मशास्त्र तो छापता छापता शिकला आणि पुढे त्या पंडितांशीच वाद घालू लागला, तोही बसून नाही. बोलता बोलता दारापर्यंत जायचा, परत यायचा. त्याची बायको फ्रेहा म्हणायची, या माणसाआधी याच्या चपला म्हाताऱ्या होतात.

त्याला घोर एकच होता. आमच्या सिनेगॉगच्या प्रार्थना कुणी छापल्या नव्हत्या. त्या म्हाताऱ्यांच्या तोंडी होत्या आणि म्हातारे मरत होते. छापील पुस्तक हाती मिळतं म्हणून आमची पोरं स्पेनच्या चालीवर प्रार्थना म्हणू लागली होती. आणखी एक पिढी गेली की कारभार आटोपला.

त्यात स्पेनने आमच्याकडे कागद पाठवायला बंदी घातली. छापखान्याच्या मालकाने उरलेला गठ्ठा खल्लूफला दिला आणि सांगितलं की यानंतर यंत्र बंद. सणांच्या प्रार्थनांचं एक पातळ पुस्तक तेवढ्यात बसत होतं. छापायचा कागद ओला लागतो. खल्लूफने उतावीळपणे सगळा गठ्ठा एकदमच भिजवला, तोही तम्मूझ महिन्याच्या भर उन्हाळ्यात. शब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्तालाच लागतो; त्यात यंत्राला हात लावता येत नाही, आणि तो संपेपर्यंत ठेवला तर कागदाला बुरशी. म्हणजे शुक्रवारचा सूर्य मावळायच्या आत सगळं छापून व्हायला हवं होतं.

आणि मग तो चुकला. अशी चूक आमच्यातलाच माणूस करू जाणे. देवाचं नाव एकदा लिहिलं की आम्ही पुसत नाही, जीर्ण पानंसुद्धा कबरस्तानात पुरतो. स्पेनवाले छापताना नावाच्या जागी नुसती खूण टाकत. खल्लूफला ते मान्य नव्हतं. देवाला टोपणनाव देणारा मी कोण, म्हणायचा. त्याने नाव पूर्ण जुळवलं. पानं छापून झाल्यावर खिळे सोडवून पुन्हा खणांत टाकायचे असतात, पण नावाचे खिळे वेगळे करायला त्याचा हात धजेना. तो ते दोऱ्याने बांधून एका वाडग्यात ठेवत गेला. प्रार्थनाच त्या, ओळीआड नाव. आणि ती अक्षरं तर प्रत्येक शब्दात लागतात. गुरुवारी दुपारी त्या अक्षरांचे खण रिकामे झाले.

फ्रेहा वाडग्याकडे बघून म्हणाली, "देवाने सगळी अक्षरं स्वतःलाच ठेवून घेतली. आता त्याची स्तुती कशाने करायची?"

खल्लूफ स्पेनवाल्यांच्या पंडिताकडे, हाखाम काबेसाकडे धावला. ती पायरी चढताना त्याला काय वाटलं असेल ते मला विचारू नका. हाखाम ऑलिव्ह खात होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि लगेच निकाल दिला. शिशातली अक्षरं उलटी असतात, ती कुणाला वाचता येत नाहीत, म्हणजे ते नाव नव्हेच, खुशाल सोडव. निकाल शास्त्राला धरून होता. एवढ्यावर थांबले असते तर कदाचित पुस्तक नावासकट पुरं झालं असतं.

"पण एवढा आटापिटा कशाला रे?" हाखाम म्हणाले. "आमचं पुस्तक आहे की. त्यातून म्हणा. देवाला तेही ऐकू येतं."

"देवाला येतं हो. आमचे आजे काय म्हणायचे ते आमच्या पोरांना ऐकू येईनासं झालंय."

"बरं, बरं. खिळे सोडवणार ना?"

"उलटी अक्षरं वाचता येत नाहीत म्हणता," खल्लूफ म्हणाला. "हाखाम, मी आयुष्यभर तीच वाचत आलोय."

आणि तो निघून आला. दुसऱ्या कुणाला चालला असता तो निकाल त्याला चालत नव्हता, कारण त्याला ते नाव शिशातही स्पष्ट दिसत होतं.

शुक्रवारी सकाळी कागदाला वास यायला लागला. खल्लूफ एक दोरा सोडायचा, थांबायचा, पुन्हा बांधायचा. फ्रेहाने शब्बाथच्या जेवणाचा हंडा शेजारणीबरोबर भट्टीवर पाठवला आणि बाह्या सरसावून आली.

"अहो, मामंजी पोथी लिहायचे, तेव्हा मन थाऱ्यावर नसलं तर काय करायचे?"

काय करायचे ते खल्लूफला ठाऊक होतं. नावाची जागा कोरी सोडून पुढे लिहीत जायचे, मग स्नान करून येऊन नाव भरायचे. तोही तसंच नावाच्या जागी कोरे ठोकळे बसवू लागला; छापून झालेल्या पानांतल्या बाकीच्या शब्दांचे खिळे सोडवून उरलेल्या मजकुराला पुरले. फ्रेहाने यंत्राचा दांडा ओढला, आणि शब्बाथची हाळी ऐकू आली तेव्हा शेवटची पानं दोरीवर होती.

पहिल्या काही पानांवर नाव आहे, पुढे नाही. स्पेनवाल्यांना महिनाभराची करमणूक झाली. आमची माणसंही त्या जागांत लेखणी टेकवायला भ्यायली. मग खल्लूफच स्नान करून, दौत घेऊन घरोघर फिरू लागला. लोक म्हणत, दोन घास तरी खा. तो उभ्यानेच नाव भरायचा आणि पुढच्या दारी जायचा.

एकदा सणाच्या आधी सिनेगॉगच्या अंगणात पोरं त्याच पुस्तकातून सराव करत होती. चाल आमची होती, जुनी. कोऱ्या जागेपाशी पोरं किंचित थांबायची आणि नाव तोंडाने म्हणून पुढे जायची, अडत नव्हती. फ्रेहाने तिथून चाललेल्या खल्लूफची बाही धरली आणि म्हणाली, जरा ऐका तरी.

त्याने ऐकलं, पण पुरतं नाही. एका पोराच्या पानावर कोरी जागा दिसली आणि तो दौत शोधू लागला.