बॅकअपवाला सलील

राजनंदिनीच्या डोक्यातून एक गोष्ट काही केल्या जात नव्हती. गुजरातेत, शहराबाहेर नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यात, आत काय उकळते आहे याचा पत्ता नसलेल्या एका मोठ्या लोखंडी टाकीवर लक्ष ठेवायला, लोकांनी आपल्या मुलाला, सलीलला, बसवले आहे. ज्याला दुधाकडे बघ म्हटले तर दूध ओट्यावरून फरशीवर येईपर्यंत तो दुधाकडेच बघत उभा असे, त्या सलीलला! उद्या तिथे काही झाले तर? या प्रश्नापाशी ती आली की हातातले काम थांबे, आणि मग ते काम पुन्हा आठवायला वेळ लागे.

तसा सलील वाईट मुलगा नव्हता. वाईट व्हायलाही थोडे कष्ट लागतात. पंचवीस वर्षांचा धिप्पाड गडी, आजोबांसारख्या मिशा, आवाज खणखणीत. त्याचे खापरपणजोबा सरकारच्या घोडदळात होते आणि त्यांची तलवार अजून दिवाणखान्यात टांगलेली होती. हंबीरराव, म्हणजे सलीलचे वडील, आल्यागेल्याला ती उतरवून दाखवत. शाळेत सलील नापास झाला की ते मिशीला पीळ देऊन हेडमास्तरांना भेटायला जात आणि सलील वर चढे. डिप्लोमाला तर एटीकेटी हा त्याने कुळाचारच केला. चुकले तर परत बसता येते, हे त्याला इतक्या वेळा कळले की दुसरे काही कळायला जागा उरली नाही. शेवटी हंबीररावांचे तालमीतले जुने मित्र विश्वासराव त्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते, त्यांनी त्याला चिकटवून घेतले.

नोकरी हा त्याचा जोडधंदा होता. खरा धंदा दांडिया बाजारातल्या घराच्या पुढच्या खोलीत चाले. सिंगापूरहून आलेल्या आतेभावाने त्याला एक करड्या रंगाचे खोके आणून दिले होते. व्हिडिओ गेमच्या यंत्राच्या डोक्यावर ते बसवायचे, त्याच्या डोक्यावर गेमची कॅसेट खोचायची आणि बाजूच्या फटीत फ्लॉपी सरकवायची. थोडा वेळ घर्रर्र असा आवाज होई आणि कॅसेटमधला सगळा खेळ फ्लॉपीवर उतरे. मग कॅसेट नसली तरी चाले.

"याला बॅकअप म्हणतात, आई," सलील समजावून सांगे. "कॅसेट महागाची. बिघडली तर? म्हणून एक प्रत ठेवायची."

"कुणाची कॅसेट?"

"अलकापुरीतल्या लोकांची. त्यांचे मामा-काका अमेरिकेहून पाठवतात."

"मग प्रत त्यांच्याकडे हवी. ती अख्ख्या दांडिया बाजारात कशी काय फिरते?"

यावर सलील हसे आणि "जवा दे ने, मम्मी," जाऊ दे ना, असे गुजराती फेकून निसटे. घरात मराठी संपली की तो गुजरातीत शिरे, आणि तिथेही अडचण आली की इंग्रजीत. अलकापुरीची पोरे त्याला सलीलभाई म्हणत, मोटारीतून येत आणि "सलीलभाई, थई जशे ने?" असे विचारत. थई जशे, म्हणजे होऊन जाईल, हे सलीलचे आवडते उत्तर. कोणत्याही प्रश्नाला तो ते देई.

त्या खोक्याची आणखी एक करामत होती आणि तिच्यावर सलीलचा जीव जडला होता. खेळ ऐन रंगात असताना एक बटण दाबले की सगळे जागच्या जागी गोठे आणि तसेच्या तसे फ्लॉपीवर उतरे. पुढे खेळातला गडी दरीत पडला, जळाला, कुणी त्याचे मुंडके उडवले तरी फिकीर नाही. फ्लॉपी घालायची की गडी पुन्हा दरीच्या काठावर धडधाकट उभा. सलील रात्र रात्र हे करत बसे. दिवसभर झोपे आणि रात्रपाळी असली की उरलेली झोप कारखान्यात काढे. हे शेवटचे राजनंदिनीला संशयाने ठाऊक होते. खात्री करून घ्यायचे धैर्य होत नव्हते.

खंडेनवमीला ती खात्री आपण होऊन घरी चालत आली.

त्यांच्या घरी खंडेनवमीला तलवारीबरोबर घरातली सगळी हत्यारे-अवजारे पूजेला मांडत. एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही आणि घरातल्या पुरुषांनी कामावर जायचे नाही. हा दुसरा नियम हंबीररावांनी कुठून काढला कोण जाणे, पण सलीलने घरातल्या दुसऱ्या एकाही नियमाला दाखवली नव्हती एवढी निष्ठा त्याला दाखवली. रात्रपाळीला जोडूनच आज त्याची सकाळची पाळीही होती. ती बदलून घेऊन तो सोवळे नेसून पाटावर बसला होता. शेजारी झेंडूच्या माळेत ते करडे खोके.

हंबीररावांनी तलवारीला गंध लावले आणि कुंकवाची चिमूट घेऊन खोक्याकडे वळले.

"बाबा, थांबा, थांबा!" सलील ओरडला. "फटीत कुंकू गेलं तर हेड खराब होईल!" त्याने घाईने एक चिंधी दुमडली आणि फ्लॉपीच्या फटीत हलक्या हाताने बसवली. मूल निजवावे इतक्या हलक्या हाताने. "हां, आता करा पूजा. नंदेसरीला पण असंच केलंय."

"काय केलंयस?" राजनंदिनीने विचारले.

"अगं, टाकी तापली की वाजतो ना, तो भोंगा. येडा आहे तो. काही नसताना बोंबलतो. रात्री डोळा लागतो न लागतो तोच सुरू. दिली चिंधी कोंबून."

हंबीरराव खो-खो हसले. "शाबास! बापाचं घोरणं ऐकून आयडिया आली वाटतं?"

"आणि सकाळी निघताना काढलीस?" राजनंदिनीच्या हातातले तबक कलंडले होते आणि अक्षता सांडत होत्या.

सलीलने जरा विचार केला. त्याला विचार करताना पाहिले की तिला नेहमीच भीती वाटे. "राहिली बहुतेक."

"आज तुझ्या जागी कोण आहे?"

"दत्ताजीराव. भला माणूस. म्हणाला, तुमच्याकडे पूजा आहे ना, तू नको येऊस, मी बसतो."

दत्ताजीराव दांडिया बाजारातलेच. मागच्या महिन्यात मुलीच्या, आनंदीच्या, बारशाचे पेढे घेऊन स्वतः आले होते.

"ऊठ. आत्ताच्या आत्ता जा आणि ती चिंधी काढ."

"आज कामावर जात नाहीत, आई. आणि बारा वाजता एक पार्टी कॅसेट घेऊन येतेय. संध्याकाळी परत द्यायची आहे त्याला. खोक्याला तेवढी सूट."

"मग फोन कर."

"फोन ऑफिसात विश्वासकाकांकडे लागतो. त्यांना काय सांगू, मी झोपायला भोंगा बंद केला? गेलीच मग नोकरी. एवढं काय, उद्या दसरा झाला की रात्री जाईन ना पाळीवर, तेव्हा काढतो. काही होत नाही. थई जशे."

"आणि तोवर टाकी तापली तर?"

"तर तर काय लावलंयस!"

"नंदिनी," हंबीररावांनी आवाज गंभीर केला. तलवार दाखवताना करत, तसा. "विश्वासरावाकडे माझा शब्द आहे. नोकरी गेली तर त्या मोहनाच्या वडिलांना काय सांगायचं? येत्या रविवारी लग्नाची बोलणी करायला येतायत. घरातली गोष्ट घरात राहू दे."

राजनंदिनीने दोघांकडे पाहिले. दोन मिशा, एक तलवार, आणि मधोमध झेंडूची माळ घातलेले ते खोके, ज्याला धुळीचा कण लागू नये म्हणून तिच्या मुलाचे हात केवढे हळुवार झाले होते! घरातली गोष्ट घरात. पण ती घरात होतीच कुठे? ती नंदेसरीला एका भोंग्याच्या तोंडात होती, आणि त्या भोंग्याखाली दुसऱ्या कुणाचा नवरा डबा उघडून बसला असेल. त्याला कुठल्या काठावर परत उभा करणार होता हा?

वर्षानुवर्षे ती भीत आली होती की सलीलचे काही होईल. आता तिला कळले की सलीलचे काहीच होणार नाही. असल्यांचे होत नाही. होते ते शेजारच्या माणसाचे.

तिने तबक खाली ठेवले आणि कोपऱ्यातल्या फोनपाशी गेली.

"आई, तू माझं लग्न मोडतेयस!" सलील पाटावरून अर्धा उठला. पण पूर्ण उठला नाही. सोवळे सुटेल म्हणून असेल.

"आधी चिंधीचं सांगते," ती म्हणाली. "कुणी कोंबली ते विचारलं, की तेही सांगते." आणि तिने विश्वासरावांच्या ऑफिसचा नंबर फिरवायला घेतला.