एका जागी एकच संस्था

मुक्तिदिन जवळ आला की शाळेतलं कुणीतरी मला बोलवायला येतं. शाल, नारळ आणि थोडं भाषण. मी बार्शीकडच्या छावणीची हकिकत सांगतो. रझाकारांच्या भीतीनं कळंबच्या घराला कुलूप लावून निजामाची सरहद्द कशी ओलांडली, तंबूत कसे राहिलो, भारताच्या फौजा आल्यावर कसे परत आलो. परत आलो, इथं मी थांबतो. मुलं टाळ्या वाजवतात. परत आल्यावर मी काय केलं, ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलाही कळलं नाही. टाळायला दर वेळी एखादं शहाणं कारण सापडायचं. मुलं लहान आहेत, दिवस बरे नाहीत, जुनी खपली कशाला काढायची. खरं कारण एवढंच की मला ती शाल आवडायची.

माझी धाकटी मुलगी त्या छावणीत गेली. हगवण लागली होती. छावणीत औषधाला तोटा नव्हता, हेच अजून घशाखाली उतरत नाही. तीन मदतमंडळं यायची आणि तिन्ही हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या आणायची. दूध कुणीच आणत नसे, कारण प्रत्येकाला वाटे, दूध दुसरा देत असेल. पोरीला भाताच्या पेजेवर जेवढं जगता आलं तेवढं ती जगली. त्यानंतर मी त्या मंडळांच्या लोकांशी भांडायला लागलो आणि भांडता भांडता त्यांना माझी सवय झाली. कोण कुठं जातो, काय देतो, ते मी तोंडपाठ ठेवायचो आणि त्यांना सांगायचो.

फौजा आल्या आणि पारडं फिरलं. आता खेड्यापाड्यांतली मुसलमानांची घरं जळली, माणसं मारली गेली. मारणारे बाहेरून आलेले नव्हते. हेही मी शाळेत सांगत नाही.

कळंबच्या बाजारतळामागं कापसाची एक बंद पडलेली जिनिंग होती. आसपासच्या गावांतून निघालेली मुसलमान बायका-पोरं तिथं येऊन राहिली. दुसरीकडं येडशीच्या स्टेशनावर बार्शीच्या छोट्या गाडीनं आमचे लोक रोज उतरत होते, आजारी, उपाशी, गावी परतायला घाबरलेले. त्यांच्यासाठी स्टेशनाजवळ तंबू पडले. मदतही दोन्हीकडून आली. हैदराबादेहून एक समिती आली, तिच्याबरोबर एक डॉक्टरसाहेब. मिशनच्या दवाखान्यातून एक डॉक्टरीणबाई आल्या, नगरकडच्या, आपल्यासारखंच मराठी बोलणाऱ्या. सरकारचं पटकीची लस टोचणारं पथक होतं आणि गावातली आमची मंडळी होती. मुंबई इलाख्यातून आलेल्या नव्या अधिकाऱ्यानं या सगळ्यांची सांगड घालायचं काम मला दिलं. मला उर्दू येत होतं, मराठी येत होतं, आणि छावणीतलं माझं नाव त्याच्या कानावर गेलं होतं.

मी पहिल्याच बैठकीत नियम घातला : एका जागी एकच संस्था. एकानं जिथं तंबू ठोकला तिथं दुसऱ्यानं जायचं नाही. कोयनेलवर कोयनेल पडायची नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. जिनिंग हैदराबादच्या समितीकडं गेली, येडशी मिशनच्या बाईंकडं. वाटणी मीच केली. बायकांना पाहणारी बाई सगळ्या भागात एकच होती आणि ती मी आमच्याकडं ठेवली. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, स्टेशनावर गर्दी जास्त आहे. गर्दी जास्त होतीच. पण मनात दुसरंच होतं. माझ्या पोरीच्या वेळी कोण आलं होतं?

जिनिंगमधल्या एका बाईला मी लहानपणापासून ओळखत होतो. आमच्या घराशेजारी एक दर्जी राहायचा, त्याची बायको. मी तिला चाची म्हणायचो. माझी मुंजीची बाराबंदी त्या दर्ज्यानं शिवली होती. माझ्या मुलींची झबली त्यानं शिवली आणि रझाकारांचे खाकी सदरेही त्यानंच शिवले. शिवले नसते तर काय झालं असतं, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. तरी फौजा आल्यावर गल्लीला फक्त खाकी आठवली. दर्जी गेला आणि त्याच दिवशी त्याचा जावईही गेला. दुकानातली शिवणयंत्रं कुणी नेली, तेही मला माहीत आहे. उरली चाची आणि तिची पोटुशी लेक. ती लेक मला दादा म्हणायची.

नवरा गेला की त्यांच्यात बाई इद्दत बसते. ठरलेल्या काळापर्यंत घराबाहेर पडायचं नाही, परपुरुषासमोर यायचं नाही. पोटुशी असेल तर बाळंत होईपर्यंत. जिनिंगच्या मागच्या खोलीत गोणपाटाचा पडदा लावून अशा कितीतरी बायका बसल्या होत्या. डॉक्टरसाहेब हैदराबादचे, शिकलेले, ते या प्रकाराला वैतागले होते. बैठकीत एकदा म्हणाले, "पडद्यातून एक मनगट बाहेर येतं. नाडी मिळते. चेहरा देखूँ तो क्या टाट का देखूँ?"

सगळे हसले. मीही हसलो. मग ते गंभीर होऊन म्हणाले, की आजारपणात डॉक्टरला दाखवायला धर्माची मनाई नाही, हे मी त्यांना दहादा सांगितलं, पण ऐकत नाहीत.

मिशनच्या बाईंनी माझ्याकडं पाहिलं. "मग तिथल्या बायकांना पाहतं कोण?"

"डॉक्टरसाहेब आहेत ना," मी म्हटलं. "ती जागा भरलेली आहे."

त्या बैठकीत इद्दतीचं मर्म जाणणारे आम्ही दोघंच होतो, डॉक्टरसाहेब आणि मी. साहेबांना तो अडाणीपणा वाटत होता. मला तसं वाटत नव्हतं. मी त्या गल्लीत वाढलो होतो. बाई पाठवली तर पडदा आपोआप बाजूला होईल, हे मला ठाऊक होतं. ते वाक्य बोलायला किती वेळ लागला असता?

काही दिवसांनी चाची चावडीवर आली. मी तिथंच बसायचो. ती पायरीवर उभी राहिली, वर आली नाही. नवऱ्यामागं तिलाही इद्दत होती. ती मोडून, बुरख्यात, गल्लीच्या डोळ्यांसमोरून चालत ती आली होती.

"बेटा, पोरीचे पाय लई सुजलेत. तोंडबी सुजलंय. डोळ्यांपुढं काजवे चमकायलेत म्हन्ती, डोस्कं फुटायलंय. येडशीच्या त्या डॉक्टरीणबाईला एक डाव घेऊन ये."

"चाची, तुमच्याकडं हैदराबादचे डॉक्टर आहेत की. तुमच्याच लोकांनी पाठवलेत. त्यांना दाखवा."

"इद्दत हाय तिची. तुला का ठावं न्हाय?"

"तुम्ही आलातच ना बाहेर?"

"म्या म्हातारी. माझं काय ऱ्हायलंय?" तिनं बुरखा पुढं ओढला. "ती म्हन्ती, अम्मी, त्येला गुसलची आंघोळ न्हाय, कफन न्हाय, कबर कुठं ते ठावं न्हाय. एवढी इद्दत तरी नीट बसू दे त्येच्या नावानं. म्या काय म्हनू तिला?"

चावडीत आमच्यापैकी दोघं-तिघं बसले होते. त्यांच्यादेखत माझ्या तोंडून निघालं, "खाकी शिवताना मला विचारायला आला नव्हतात ते."

एक जण फिसकन हसला. चाचीनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं पाहून म्हणाली, "आता त्येनला इचारायची सोय ठिवली न्हाय कुनी. ऱ्हाऊ दे. बाईला सांगतूस का तेवढं बोल."

"सांगतो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी येडशीला गेलो. तंबूत बाईंनी मला चहा दिला. बार्शीहून येणारी गाडी बिघडली होती, त्यामुळं माणसं उतरली नव्हती आणि त्यांच्या तंबूबाहेर रांग नव्हती. त्या म्हणाल्या, "उद्याही मोकळीच आहे असं दिसतंय. कळंबकडं काही असेल तर सांगा, तुमच्याबरोबर बैलांच्या दमणीतून येते."

मी म्हटलं, "तिकडं दुसऱ्यांची हद्द आहे, बाई. एकदा नियम मोडला की सगळेच मोडतात."

"नियम तुमचाच आहे," त्या हसून म्हणाल्या. "तुम्हीच मोडा."

मी चहा संपवला आणि निघालो. त्या दिवशी मला अगदी बरोबर वागल्यासारखं वाटत होतं. हे लिहिणं सगळ्यांत अवघड आहे. मला लाज वाटत नव्हती. माझी मुलगी पेजेवर गेली, तेव्हा कुणी नियम मोडला नव्हता, हेच मी परतीच्या वाटेवर घोकत होतो.

चाची चावडीच्या कोपऱ्यावर उभी होती. तिनं काही विचारायच्या आत मी म्हटलं, "सांगितलं. बाईंना वेळ नाही म्हणाल्या."

ती म्हणाली, "तू गेलास, लई झालं."

पुढं फार दिवस गेले नाहीत. लेकीला झटके आले. बायकांना वाटलं, भुताखेताचा असर झाला. कुणी तावीज बांधला, कुणी मिरच्या जाळल्या. डॉक्टरसाहेबांना बोलावलं तोवर पडद्याचं भान कुणालाच राहिलं नव्हतं. त्यांनी खोलीत पाऊल टाकलं आणि बाहेर येऊन जमिनीवर बसून राहिले. आई गेली, पोटातलं मूलही गेलं. नंतर ते मला म्हणाले, "नुसता सुजलेला चेहरा जरी आधी पाहिला असता, तरी झटके येणार हे कळलं असतं." ते मला दोष देत नव्हते. ते स्वतःला दोष देत होते, आणि मी तो देऊ दिला.

पुढच्या बैठकीत या मृत्यूचा विषय निघाला नाही. जागा त्यांची, माणूस त्यांचं. नवे अधिकारी उलट खूश होते. म्हणाले, कामाची इतकी स्वच्छ वाटणी मी दुसऱ्या कुठल्या तालुक्यात पाहिली नाही. बाकीच्यांनी टेबल वाजवलं.

चाचीनं सगळ्या जिनिंगमध्ये सांगितलं, की दर्ज्याच्या शेजारचा पोरगा आमच्यासाठी येडशीपर्यंत गेला होता, पण मिशनवाली आली नाही. पुढं हैदराबादची समिती परत गेली आणि मिशनच्या बाई जिनिंगवर आल्या, तेव्हा बायकांनी तोंडं फिरवली. एका म्हातारीनं त्यांच्यादेखत दुधाचा तांब्या ओतून दिला. "तवा येळ नव्हता, आता कशाला आलीस?" बाईंना काही कळेना. त्या थेट माझ्याकडं आल्या. "मी काय केलंय यांचं? कुणी काही सांगितलंय का माझ्याबद्दल?"

मी म्हटलं, "अडाणी आहेत. मनावर घेऊ नका."

मनावर न घेता त्या काम करत राहिल्या. जिनिंगमधल्या बाळंतिणी मात्र त्यांच्याकडं जाईनात. त्यातल्या कुणाचं काय झालं, ते मी विचारलं नाही. नियम कागदावर राहिला, माझी सही खाली राहिली, आणि त्या सहीच्या जोरावर मला पुढं आरोग्य खात्यात नोकरी लागली. सगळा जन्म मी साथी आणि टोचण्या यांत घालवला. निवृत्तीच्या दिवशी कुणीतरी भाषणात म्हणालं, साहेबांना माणसाची कणव फार.

चाची हैदराबादला भाच्याकडं निघून गेली. मी एकदा खात्याच्या कामानं तिकडं गेलो, तेव्हा पत्ता काढला. बसमध्ये मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. चाची अंगणात खाटेवर बसली होती, तिला आता दिसत नव्हतं. मी नाव सांगितलं. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि चेहऱ्यावरून बोटं फिरवली. घरातल्या सगळ्यांना हाका मारल्या. भाचा, त्याची बायको, पोरं, शेजारीण, सगळे गोळा झाले.

"ह्यो बघा," ती म्हणाली. "माझ्या पोरीसाठी येडशीला गेलेला ह्योच. सगळं गाव उलटलं हुतं, ह्यो उलटला न्हाय."

भाच्याच्या बायकोनं मला शरबत आणून दिलं. भाच्यानं माझ्या गळ्यात हात टाकला. चाची विचारत होती, गल्लीत आता कोण राहतं, लिंबाचं झाड आहे का, तुझ्या बायकोचं बरं आहे का. मी एकेक उत्तर देत गेलो. जमलेली माणसं हलेनात. मला वाटलं, ही जरा पांगली की बोलू. मग वाटलं, आंधळ्या म्हातारीकडं माणुसकीवरचा विश्वास म्हणून एवढंच उरलंय, ते कशाला काढून घ्या? हा विचार मला फार आवडला, कारण तो माझ्या सोयीचा होता. मी शरबत संपवून उठलो. तिनं डोक्यावर हात ठेवून दुआ दिली. मी ती घेतली.

ती गेल्याचं कळलं तेव्हा मी कार्यालयात होतो. काम चालूच ठेवलं. मिशनच्या बाई त्याच्याही आधी गेल्या होत्या. डॉक्टरसाहेबांचं काय झालं, मला माहीत नाही. आता ऐकून घ्यायला कुणी उरलं नाही, म्हणून मी लिहायला बसलो. हाही भित्रेपणाच आहे.

बसमध्ये जुळवलेली वाक्यं लांबलचक होती, माझ्या मुलीपासून सुरू होणारी. ती आता सगळी खोडली. उरलं ते एवढं :

चाची, बाईंना वेळ होता. त्या यायला तयार होत्या. मीच त्यांना विचारलं नाही. मला माफ करा.