लाल दोऱ्याचं गाठोडं

माई जुनी साडी हातात घ्यायची आणि ती नेसणारी बाई कशी होती ते सांगायची. ज्योतिष नव्हे. कापड उजेडाकडे धरायची, बोटांनी चाचपायची आणि म्हणायची, "ह्या बाईनं पोर डाव्या कमरेवर वागवलंय." किंवा, "ही चुलीपाशी उकिडवी बसायची, गुडघ्यावर बघ कशी विरलीय." पदराचं टोक एकाच जागी घासलेलं दिसलं की, "घरच्या किल्ल्या हिच्याकडं होत्या." समोरचं गिऱ्हाईक चमकायचं, कारण बहुतेक वेळा ते खरं असायचं. एखाद्या वेळी चुकायचंही. मग माई अजिबात ओशाळायची नाही. "मंग साडी दुसऱ्या कुणाची असल, घरी जाऊन इचार," असं तीच गिऱ्हाइकाला सुनवायची.

पडघ्याजवळच्या आमच्या गावात आणि पार भिवंडीपर्यंत तिला 'गोधडीवाली माई' म्हणत. नात्याने ती माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा तिला अहोजाहो करायला लागले, तर तिने दुसऱ्याच दिवशी ते बंद केलं. म्हणाली, "सुनंदा, मला अगंतुगं कर. भांडायला सोपं पडतं." आम्ही भांडलो बऱ्याचदा. पण मला जे लिहायचं आहे ते भांडण नव्हतं. तिथे मी गप्प बसले होते. आठ वर्षं बसले.

तिचा धंदा घराच्या पडवीत चालायचा. दुकान नाही, पाटी नाही, मशीन नाही. लोक आपल्या घरातल्या जुन्या साड्या, लुगडी, धोतरं गाठोडं बांधून आणत आणि माई त्यांचे थर लावून हाताने धावदोरा घालून गोधडी करून देई. गोधडी ताणून धरायला कोपऱ्यांवर वजन लागतं. माईने त्यासाठी दगड कधी ठेवले नाहीत. एका कोपऱ्यावर सासूबाई सूप घेऊन तांदूळ निवडत, दुसऱ्यावर मी भाजी चिरत असे, तिसऱ्यावर मुलं गृहपाठ करत आणि चौथ्यावर वडपे गावच्या गोदामातून शिफ्ट संपवून आलेले थोरले भाऊजी चहाचा कप घेऊन. उठायचं झालं तर विचारून उठायचं. "दगडाला जेवायला घालावं लागत न्हाय, तरी मला तुम्हीच बरे," माई म्हणे. घर एका जागी बसवून ठेवण्याची ही युक्ती होती हे मला फार उशिरा कळलं. भाऊजींना तर अजून कळलेलं नाही.

तिचं वर्ष आमच्या कॅलेंडरप्रमाणे चालत नसे. पेरणीपासून भाताची आवणी उरकेपर्यंत ती सुईला हात लावत नसे. सगळ्या सुया एका चिंधीत टोचून ती चिंधी देवघराच्या खिळ्याला अडकवायची आणि चिखलात उतरायची. अर्धी शेतं गोदामांखाली गेली तरी उरलेल्या दोन तुकड्यांसाठी तिने हा नेम मोडला नाही. श्रावणात बाळंतिणींची दुपटी. नवरात्र संपलं की गाठोडी येऊ लागत. ती धुवायची, ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवर वाळवायची. दिवाळीपासून माघापर्यंत मोठ्या गोधड्या आणि उन्हाळ्यात लग्नाच्या. मधे कुणी घाई केली तर म्हणे, "भात काय चैत्रात कापता का? मंग गोधडी कशी मागता?"

एकदा भिवंडीच्या धामणकर नाक्यावरचा एक व्यापारी मोटरसायकलवर पॉवरलूमच्या कापडाच्या तुकड्यांचा नमुना बांधून आला. "भाभी, कपडा मेरा, मशीन मेरी. एक दिन में दस निकलेंगी." माईने त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि तिच्या हिंदीत म्हणाली, "दस तो निकलेंगी भैया, पर उसमें कौन सोएगा ये मेरे को कौन बताएगा?" तो हसला. त्याला वाटलं बाई मस्करी करतेय. जाताना मात्र स्वतःच्या आईच्या दोन ओढण्या कुठे ठेवल्यात ते घरी विचारतो म्हणाला, आणि आठवड्याने खरंच घेऊन आला.

माई दुसरीपर्यंत शिकलेली. मी बी.ए., शाळेच्या ऑफिसात क्लार्क. त्यामुळे गाठोड्यांच्या चिठ्ठ्या मी लिहायचे: कुणाचं, कुठलं, कधी पाहिजे. पण चिठ्ठीवर माईचा पूर्ण भरवसा नव्हता. तिची स्वतःची खूण होती. गाठोडं घेताना ती प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची, "धुवायचं का न्हाय?" बहुतेक लोक धुवा म्हणत. त्या गाठोड्याला पांढरा दोरा. पण एखादी बाई घुटमळायची, खाली बघायची आणि म्हणायची, "आईचं आहे. नका धुऊ." तिला माई पुढे काही विचारत नसे. त्या गाठोड्याला लाल दोरा. गेलेल्या माणसाचा वास त्या कापडात असतो, आणि तोच त्यांना पांघरायचा असतो. "धुतलं की कापड राहतं," माई मला म्हणाली होती, "माणूस जातं."

भिवंडीच्या कुंदाताईंचं गाठोडं असं लाल दोऱ्याचं होतं. नोकरीतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. आई नव्वदीत गेली होती आणि शेवटची अकरा वर्षं त्यांनीच तिचं सगळं केलं होतं. आईचं अंगावरचं एक लुगडं त्यांनी आणलं होतं, बरोबर भरीला आपल्याच दोन साड्या. "बाकीचं काहीही करा, हे तेवढं धुऊ नका," असं त्या दोनदा म्हणाल्या. चिठ्ठीवर मीच लिहिलं: धुवायचे नाही.

दिवाळी चार दिवसांवर आली होती. भाऊबिजेला माझा भाऊ आणि वहिनी ठाण्याहून यायचे होते, आमच्याकडे पहिल्यांदाच मुक्कामाला. मी घर घासूनपुसून काढत होते आणि मधल्या खोलीत भिंतीला लागून वीसेक गाठोडी. त्यांना खोबरेलाचा, बामचा, तपकिरीचा, म्हाताऱ्या अंगाचा वास. पाहुण्यांना झोपवायचं त्याच खोलीत. मी माईला म्हटलं, "हे कुठेतरी दुसरीकडे ठेव ना." ती म्हणाली, "पडवीत उंदीर हायत. दोन दिस वास आला तर मरत न्हाय कुणी." आणि दोरा आणायला पडघ्याच्या बाजाराला निघून गेली.

मी तिथे उभी राहिले आणि मला राग आला. लोकांची मेलेली माणसं आपल्या घरात कशाला, असं माझ्या मनात अगदी शब्दांत आलं. मी टबात गरम पाणी घेतलं, साबणाची पावडर टाकली आणि एकेक गाठोडं सोडायला लागले. त्यांत लाल दोऱ्याचं एकच होतं, कुंदाताईंचं. ते सोडताना दोरा माझ्या बोटात होता. माझ्याच अक्षरातली चिठ्ठी माझ्यासमोर होती. मी ती वाचली. वाचून बाजूला ठेवली आणि लुगडं पाण्यात घातलं.

संध्याकाळी माई आली तेव्हा सगळं गच्चीवर वाळत होतं. मी म्हटलं, "अगं, घाईत चिठ्ठ्या बघायच्या राहिल्या." ती दोरीवरच्या त्या लुगड्यापाशी गेली, हाताने धरून नाकाशी नेलं आणि सोडून दिलं. जेवायला बसलो तर माझ्या ताटात नेहमीसारखी सुकटीची चटणी जास्त वाढली. मला वाटलं, सुटले.

पौषात कुंदाताई गोधडी न्यायला आल्या. देखणी झाली होती. माईने तेवढे बारीक टाके त्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या गोधडीला घातले नव्हते. त्यांनी ती मांडीवर घेतली आणि तोंड खुपसलं. बराच वेळ. मग डोकं वर केलं.

"धुतलंत?"

मी माईच्या मागे दारात उभी होते. माईने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "हो बाई. माझ्या हातनं झालं."

"मी तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती."

"एकच सांगितली होती. खरं हाय."

त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मी कदाचित बोलले असते. त्यांनी गोधडी घडी केली, पिशवीत घातली आणि जाताना म्हणाल्या, "तुमच्याबद्दल लोक काय काय चांगलं सांगतात. मी पण सांगेन आता."

त्यांनी सांगितलं. त्या हिवाळ्यात भिवंडीकडची पाच-सहा घरं आपापली गाठोडी परत घेऊन गेली. कुणी भांडलं नाही. "राहू द्या हो, घरीच वापरू," एवढंच. माई प्रत्येकाचं गाठोडं स्वतः उचलून दारापर्यंत देई. तिचं नाव ही तिची एकच मिळकत होती, आणि ती माझ्या डोळ्यांसमोर पिशव्यांतून परत जात होती.

एकदाच मी म्हटलं, "माई, तू का अंगावर घेतलंस?" ती सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, "माल माझ्या हातात दिला होता. मंग चूक कुणाची? आणि घरातलं भांडण गिऱ्हाइकाला दाखवायचं न्हाय." दोरा ओवून झाला. गाठ मारताना, मान वर न करता म्हणाली, "लाल दोरा दिसू नये, एवढे तुझे डोळे काय गेले न्हायत अजून." आणि लगेच, "तो कोपरा धर."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, पण एक बदल केला. गाठोडं आलं की म्हणायची, "सुनंदा, इचार." धुवायचं की नाही, हे गिऱ्हाइकाला विचारायचं काम माझं झालं. लाल दोरा बांधायचंही. शिक्षा होती की विश्वास, हे मी तेव्हा ठरवू शकले नाही. आता वाटतं, माईला त्यात फरक दिसत नसावा. आठ वर्षं मी त्या बायकांच्या डोळ्यांत बघून विचारत राहिले, आणि "नका धुऊ" म्हणणारा आवाज कसा असतो ते शिकले. हळूहळू भिवंडीची घरंही परत आली. सगळी नाही.

गेल्या माघात माई गेली. तीन दिवसांचा ताप, बस. आदल्या दुपारी तिने मला एका दुपट्याचे टाके उसवायला लावले होते, लांब पडले म्हणून. तिच्या तेराव्याला इतकी माणसं आली की पंगती पडवीतून अंगणात गेल्या. सगळे तिचंच बोलत होते. तेवढ्यात पंगतीतली एक म्हातारी प्रेमाने म्हणाली, "एवढी वर्षं केलं, पण एकदाच चुकली हो माई. ते भिवंडीच्या बाईचं लुगडं." शेजारचीने मान हलवली, "माणूस हाय, चुकायचंच." मी त्यांच्या पानात भात वाढत होते. वाढत पुढे गेले. पुढे एका पानाशी थांबून त्याच माणसाला मी तिसऱ्यांदा वाढतेय, हे उशिरा लक्षात आलं.

चौदाव्या दिवशी मी रजा काढली, धामणकर नाक्याला उतरले आणि पत्ता विचारत कुंदाताईंकडे गेले. खाली लूम चालू होते, जिना थरथरत होता. त्यांनी मला ओळखलं नाही. मी गावाचं नाव सांगितलं तेव्हा चेहरा बदलला.

"माई गेल्या म्हणे. ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "वाईट झालं."

मी बसले नाही. उभ्यानेच म्हटलं, "तुमच्या आईचं लुगडं माईनं धुतलं नव्हतं. मी धुतलं."

"चिठ्ठी दिसली नाही का?"

"दिसली. मीच लिहिली होती. लाल दोराही दिसला."

"मग?"

"घरी पाहुणे येणार होते. मला तो वास नको होता."

खालचे लूम खडखडत राहिले. कुंदाताई माझ्याकडे बघत होत्या, आणि मी बघू दिलं. मग त्या उठल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, आता दार दाखवतील. त्या चष्मा आणि फोन घेऊन आल्या.

"कल्याणच्या चुलतबहिणीला मी पहिलं सांगितलं होतं," त्या म्हणाल्या आणि नंबर लावला. "हॅलो, अगं मी. ती पडघ्याची गोधडीवाली माई, मी तुला सांगितलं होतं ना? तिनं नव्हतं धुतलं. हो, नव्हतंच. तिच्या धाकट्या जावेनं धुतलं. मुद्दाम. हो, इथेच उभी आहे माझ्यासमोर."

'मुद्दाम' हा शब्द मी वापरला नव्हता. त्यांनी वापरला आणि तो बरोबर होता.

मग त्यांनी दुसरा फोन लावला, मग तिसरा. प्रत्येकीला पहिल्यापासून, न चुकता, माईचं नाव आधी घेऊन. मी भिंतीला टेकून ऐकत होते. बसा म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. चौथ्या फोनला पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. कुंदाताईंनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळल्या.

"नाव विचारतेय. काय सांगू?"

मी माझं पूर्ण नाव सांगितलं, गावासकट. आणि त्यांना नीट ऐकू गेलं नसेल म्हणून, लूमच्या आवाजापेक्षा वरच्या पट्टीत, पुन्हा एकदा सांगितलं.