मरीमायच्या गाड्यात माझा बाप

"ह्यालेबी गाड्यासंगं शिवेवर सोडा. रोग तो रोग!"

पाटील हे माझ्या बापाबद्दल बोलला. साऱ्या गावादेखत. काठीचं टोक बाच्या छातीला लावून बोलला, बाजारात आडवं आलेलं जनावर सारतात तसं. बा रस्त्यातच खाली बसला होता. तोंडाशी धरलेलं धोतर लाल झालं होतं. आणि लोक? लोक माना डोलवत होते. मुडदे!

गावात पटकी आली होती, कॉलरा म्हणतात ती. मोताळ्याचा बाजार बंद. विहिरींत लाल औषध टाकलेलं. सरकारी माणसं येऊन लोकांच्या दंडात पटकीची सुई टोचून गेली. ज्याला टोचलं नाही त्यानं गाव सोडायचं नाही, असा हुकूम. वेशीवर पाटलाची माणसं काठ्या घेऊन बसली.

माझ्या बाला पटकी नव्हती. त्याला क्षय होता, फार आधीपासून. एक दिवसाआड मी त्याला शेजाऱ्याच्या बैलगाडीतून तालुक्याच्या दवाखान्यात न्यायची, क्षयाची सुई घ्यायला. गुण येत होता हो! गालावर मांस चढलं होतं. मळ्यात येऊन वांग्यांना पाणी सोडायला लागला होता. डॉक्टरनं बजावून सांगितलं होतं, सुई चुकवू नका, खंड पडला तर पुढं औषध लागू पडणार नाही.

आता न्याय ऐका. अंगात ताप असला की पटकीची सुई टोचत नव्हते. बाला क्षयाचा ताप रोजच. म्हणून टोचलं नाही. टोचलं नाही म्हणून गाव सोडता येईना, आणि गाव सोडता येईना म्हणून क्षयाची सुई बंद पडली. ताप आणखी वाढला. हे मी पाटलाला सांगितलं. त्याच्या ओट्याखाली उन्हात उभी राहून, हात जोडून सांगितलं. आज त्या जोडलेल्या हातांची मला किळस येते.

"सरकारचा हुकूम हाये पोरी. मी काय करू?" तो सुपारी कातरत म्हणाला.

त्याच दिवशी त्याची दमणी बैल जुंपून वेशीबाहेर गेली, गाडीवानाला सुई टोचलेली नसताना. पाटलीणबाईचे गुडघे दुखत होते, त्यांना चोळायला तेल पाहिजे होतं. पुढच्या खेपेला लेकीच्या लग्नाचं कापड आलं. वेशीवरची माणसं दमणीला रामराम घालायची. हुकूम काय तो आमच्यासाठी. आग लागो त्या हुकमाला!

बाला पुन्हा रक्त पडायला लागलं. माय त्याचं थुंकायचं भांडं राखुंडीनं घासायची आणि रडायची.

मग गावानं मरीमायचा गाडा काढायचं ठरवलं. आमच्याकडे रोगराई आली की छोट्या लाकडी गाड्यावर देवी बसवतात, हिरव्या बांगड्या, लिंबं, नारळ मांडतात आणि वाजतगाजत शिवेपार नेऊन सोडतात. सोडला की मागं वळून पाहायचं नाही. गावातल्या कोणी त्याला पुन्हा हात लावायचा नाही. लावला तर रोग त्याच्या घरात शिरतो म्हणतात.

मी मनात म्हटलं, सारं गावच शिवेवर चाललंय, त्या गर्दीत बाला घेऊन निसटून जाऊ. मी एका बाजूनं धरलं, मायनं दुसऱ्या. शिवेवर पोचलो आणि नेमकी त्याला उबळ आली. देवीच्या गाड्यापुढंच रक्त सांडलं. तेव्हा पाटील बोलला ते बोलला.

डफडं थांबलं. लोक पाठ फिरवून निघाले. मायला बायांनी ओढत नेलं, ती ओरडत होती. मी बाला सोडलं नाही. एकानंही वळून पाहिलं नाही, देवीच्या भ्यानं. माझ्या बापाला त्यांनी लिंबा-नारळासारखं रोगाबरोबर टाकून दिलं होतं.

मी रडले नाही. डोकं तापलं होतं. गाड्याकडे पाहत राहिले. मग एकदम कळलं, ह्या गाड्याला अडवायची कोणाच्या बापाची छाती नाही.

"बा, चढ."

"अवं पोरी, देवीचा गाडा हाये तो. काऊन पाप घेतं डोक्यावर?"

"पाप त्या पाटलानं केलं. तू चढ!"

देवी उचलून त्याच्या मांडीवर दिली आणि गाडा लोटायला लागले. चाकं कुरकुरत होती, वाट खडकाळ, हाताची सालटं निघाली. पुढच्या गावच्या शिवेवर माणसं लाठ्या घेऊन उभी होती, आमच्या गावचा रोग येऊ नये म्हणून. त्यांनी देवी पाहिली, रक्तानं माखलेला बा पाहिला, मला पाहिलं. लाठ्या खाली आल्या. एका म्हाताऱ्यानं वाहाणा काढून हात जोडले. "जाय माय, पुढं जाय," म्हणाला.

"लोक मले पाया पडून राह्यले वं!" बा म्हणाला आणि हसला. हसता हसता पुन्हा खोकला.

दवाखान्यात डॉक्टर माझ्यावरच खेकसला, "इतके दिवस कुठं होतात?" सुई दिली. पुन्हा पुन्हा दिली. लागू पडली नाही. त्यानं सांगितलं होतं तसंच झालं. पोळ्याच्या आधी बा गेला. चांगला होत आलेला माणूस गेला.

दहाव्याला पाटील आमच्या दारी आला. खाटेवर बसला, पाणी प्याला.

"देवाची मर्जी," तो म्हणाला. "पोरी, तू गाड्याले हात लावला. तुले आता कोन करीन? पर मी हाव ना. पाहतो एखादा बिजवर."

"देवाची नाही पाटील, तुमची मर्जी. माह्या बापाले तुमी मारलं."

कोणीतरी माझ्या तोंडावर हात दाबला. मी तो हात कडकडून चावले आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. पाटील उठला तेव्हा त्याला जोडा सापडेना.

त्याच्या कापसाच्या गंजीला काडी लावावी असं किती वेळा मनात आलं. पण गंजी जळली तर लोक त्याचीच कीव करतील, आणि तेवढं सुख मी त्याला देणार नाही. लग्न केलं नाही. मळा मीच करते. त्याच्या घरी भाजीची एक काडी देत नाही.

आता पाटलाला साखरेचा रोग झालाय. त्यालाही सुई लागते. त्याची दमणी माझ्या बांधालगतच्या रस्त्यानं तालुक्याला जाते. मी खुरपं टाकून रस्त्यावर येऊन उभी राहते. दमणी अडवत नाही. फक्त बैल जवळ आले की गाडीवानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणते, "माह्या बाची सुई ह्यानं बंद केली." पाटील डोळे मिटून घेतो. कान मिटता येत नाहीत त्याला.

जा पाटील, वेळेवर सुई घे. खूप वर्षं जग. मी बांधावर आहे.