अंजनाबाईंचा पत्ता

महालच्या जुन्या वस्तीत बोर्ड रंगवण्यात माझी तीस वर्षं गेली आणि त्यातली निम्मी गिऱ्हाइकांशी भांडण्यात गेली. प्रत्येकाला बोर्डावर आपलं नाव हातभर मोठं हवं असतं. अरे बाबा, तुझं नाव तुझ्या बायकोला ठाऊक, शोधत येणाऱ्याला त्याचं काय? एका शिंप्याला मी ‘वस्त्रकला मंदिर’ लिहून दिलं. सहा महिने माश्या मारत बसला. मग त्याच पत्र्यावर ‘पायजमे, लेंगे शिवून मिळतील’ असं लिहिलं, तर बिचाऱ्याला जेवायला उसंत मिळेना. लोक ज्या शब्दानं विचारतात तो शब्द बोर्डावर पाहिजे. आणि तोही बेतानं. एका वैद्यबुवांनी एकाच पत्र्यावर चाळीस रोगांची नावं लिहून घेतली होती. लोक वाचायचे, हसायचे आणि पुढं जायचे. शिवाय बोर्ड कितीही चांगला असला तरी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पानठेल्यावाल्यानं ‘हो, तिथंच जा’ म्हटल्याशिवाय नवा माणूस आत वळत नाही.

एवढं शहाणपण गाठीशी असून एक बोर्ड मी चुकीचा लिहिला. तो अंजनाबाईंचा.

अंजनाबाई आमच्याच गल्लीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायच्या. पापड लाटून विकायच्या. नवरा वामनराव इतवारीत कापडाच्या दुकानात नोकरीला. माणूस कामाला चोख, पण डोक्यात राख घालून घेणारा. एकुलती एक मुलगी द्वारका. अडुसष्ट साली तिनं रेल्वेतल्या एका परप्रांतीय फिटरशी लग्न केलं आणि त्याच्यासोबत बिलासपूरकडे निघून गेली. वामनरावांनी भर गल्लीत जाहीर केलं, “माह्यासाठी मेली ते.” तिची दोन पत्रं आली. दोन्ही त्यांनी न फोडता पोस्टमनच्या हातात परत दिली. अंजनाबाईंना वाचता येत नव्हतं, त्यामुळे पाकिटावरचा पत्ताही त्यांना कळला नाही. जावयाचं नावसुद्धा घरात घ्यायची सोय नव्हती. तो नुसता ‘रेल्वेवाला’. तीन वर्षांनी वामनराव गेले. पोरीला कळवायचं कुठं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

चौऱ्याहत्तर साली मालकानं ती चाळ पाडली. अंजनाबाई भावाकडे प्रताप नगरात गेल्या. आम्हा महालवाल्यांना तेव्हा प्रताप नगर म्हणजे गावाबाहेरच वाटायचं. जाण्याच्या आदल्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या.

“पेंटरभाऊ, माही द्वारका आली तर इथंच येईन. घर नाई दिसलं तर मले कुठं शोधन ते?”

मी म्हटलं, बाई, शोधणाऱ्याला वाट दाखवणं हाच माझा धंदा आहे. गल्लीच्या तोंडाशी नत्थूजींच्या पानठेल्यावर एक पत्रा लावू. मग पेन्सिल कानामागून काढून विचारलं, “वामनरावांचं नाव टाकू का? घर पुरुषाच्या नावानं विचारतात.”

त्यांचा चेहरा कडक झाला. “त्याचं नाव नोका टाकू. ज्यानं तिले हाकललं त्याच्या नावानं काहून विचारन ते? ते मायलेच शोधत येईन.”

इथं माझी खरी चूक झाली. माझा धंदा सांगत होता की ते नाव हवंच. पण वामनरावांवर माझाही राग होता. ती पत्रं परत जाताना मी लांबून पाहिली होती. मेल्यावर तरी त्या माणसाला पत्र्यावर मिरवायला नको, असं मला मनातून वाटलं. मी मुकाट्यानं लिहिलं, ‘पापडवाल्या अंजनाबाई आता प्रताप नगरात राहतात. पत्ता येथे विचारा.’ अक्षर असं सुबक काढलं की स्वतःवरच खूश झालो.

त्यानंतर पाच वर्षं अंजनाबाई महिन्यातून एकदा महालात यायच्या. पानठेल्यावर पापडाचा पुडा द्यायच्या आणि पत्ता पाठ आहे ना, म्हणून विचारायच्या. कधी एखाद्या अनोळखी बाईला पुढं पाठवायच्या, “जा वं, अंजनाबाई कुठं राह्यते म्हनून विचार,” आणि स्वतः कोपऱ्यावर लपून ऐकायच्या. उत्तर बरोबर आलं की पदराआड हसायच्या. नत्थूजी आजारी पडून त्यांचा मेहुणा चंद्रभान काटोलहून ठेल्यावर आला, तेव्हा त्याचीही अशीच परीक्षा झाली. पठ्ठ्या पहिल्याच खेपेला पास. आम्ही सगळे त्यांची थट्टा करायचो आणि त्यांना ती चालायची.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात मी पान खायला थांबलो होतो. चंद्रभान चुना लावता लावता सहज म्हणाला, “मांगच्या हप्त्यात एक हिंदीवाला येऊन गेला गा. वामनरावजी का मकान कहाँ है, म्हने.”

मी ठेल्याच्या फळीवर पुढं वाकलो. “मग तू काय सांगतलं?”

“काय सांगनार? इथं कोनी वामनराव नाई म्हटलं. गल्लीतबी पाहून आला तो, तिथं नवी बिल्डिंग. संग चार-पाच वर्षांची पोरगी होती. घरवाली गुजर गयी म्हने, पोरीले तिच्या आजीपाशी ठेवाचं होतं. लय वेळ इथंच उभा होता सावलीत. मंग स्टेशनावर गेला.”

सावलीत म्हणजे माझ्या पत्र्याखाली. हिंदीवाल्याला मराठी अक्षरं वाचता येतात. त्यानं ती वाचलीही असतील. पण सासूचं नाव जावयाला कोण सांगतं? द्वारकेच्या तोंडी ती फक्त ‘माय’. आणि माहेर म्हटलं की इतकं होऊनही तिच्या तोंडी बापाचंच नाव होतं. मी चंद्रभानवर ओरडलो. तो गोंधळून बघत राहिला, कारण त्याला जेवढं शिकवलं होतं तेवढ्यात तो चुकला नव्हता; वामनराव हे नाव त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी तिथंच पत्रा उतरवला आणि वामनरावांचं नाव अंजनाबाईंच्या नावाच्या वर लिहिलं. मग सायकल काढून प्रताप नगरात गेलो. त्या अंगणात पापड वाळत घालत होत्या. वाटेत मी ठरवलं होतं की द्वारका गेल्याचं सांगायचं नाही. म्हटलं, “बाई, जावई येऊन गेले. संगं लहान पोरगी होती.”

त्यांनी आधी पदर सावरला. मग म्हणाल्या, “मले नात हाय?” आणि अशा हसल्या की मला तिथं उभं राहवेना. थोड्या वेळानं हातातला पापड त्यांनी ताटात ठेवला.

“एवढ्या दुरून गडीमानूस लहान्या पोरीले घेऊन एकटाच आला?”

मी सायकल भिंतीला टेकवायला वळलो.

“पोरीची माय काहून नाई आली, भाऊ?”

एरवी मला खोटं बोलता येत होतं. तेव्हा आलं नाही. मी मान खाली घातली, आणि त्यांना कळलं. त्या रडल्या नाहीत. खाली बसल्या आणि कितीतरी वेळ जमिनीवर हात फिरवत राहिल्या. मीच रडलो. म्हटलं, चूक माझी आहे, मी आता वामनरावांचं नाव लिहिलं आहे, तो परत येईल, मी बिलासपूरला जाऊन शोधतो.

“कोनाले शोधान? तुमाले त्याचं नाव ठाऊक हाय?” त्या शांतपणे म्हणाल्या. “अन् तो परत कायले येते? घर नाई, मानूस नाई, असं आयकून गेला तो.”

भावजयीनं पाणी आणून ठेवलं. त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं.

“पोरीचं नाव काय म्हने?”

“कोणत्या पोरीचं?”

“माह्या नातीचं.”

ते चंद्रभाननं विचारलं नव्हतं आणि मीही त्याला विचारलं नव्हतं. तसं मी सांगितलं.

अंजनाबाईंनी मान हलवली. “म्हंजे मले तिचं नाव ठाऊक नाई, तिले माहं नाई. सांगा बरं पेंटरभाऊ, आता कोनं कोनाले कोनत्या नावानं विचाराव?”